कामावर अपघात झाला, वकील कसा शोधायचा आणि फी कशी द्यायची? गोव्यातल्या कामगारांचे नेहमीचे प्रश्न

वेर्णा, कुंडई, पिळर्ण अशा एस्टेटींतून, बांधकामाच्या साइटवरून, हॉटेलांतून लोक हेच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय. मी वकील नाही, युनियनच्या कामातून या केसेस जवळून बघतो एवढंच. यात माझी मतं पण आहेत, ती कुठे आहेत ते कळेलच.

वकील लागतोच का?

दरवेळी नाही. कामगार भरपाईच्या 1923 च्या कायद्यात तर सरळ लिहिलंय की कमिशनरसमोर, म्हणजे भरपाईची केस ऐकणाऱ्या सरकारी अधिकाऱ्यासमोर, तुमच्या वतीने वकील, नोंदणीकृत युनियनचा पदाधिकारी किंवा कमिशनरच्या परवानगीने तुम्ही लेखी अधिकार दिलेला माणूस उभा राहू शकतो. पात्रांवने, म्हणजे मालकाने, अपघात मान्य केलाय, पगार खरा दाखवलाय, डॉक्टरचं सर्टिफिकेट आहे आणि पैसे भरायला तयार आहे, तर वकिलावर खर्च कशाला?

पण "हा आमचा कामगारच नाही" असं उत्तर आलं, किंवा विमा कंपनीने वकील लावला, किंवा अपंगत्वाचा टक्का कमी धरलाय, किंवा माणूस गेलाय आणि वारसांमध्ये वाद आहे, तेव्हा एकट्याने जाऊ नका. समोर रोज हेच काम करणारा वकील उभा असतो.

माझ्या पगारातून ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कापतात, मग?

मग हा रस्ता तुमचा नाहीच. ईएसआयमध्ये असलेल्या कामगाराला त्याच अपघातासाठी पात्रांवकडून वेगळी भरपाई मागता येत नाही, ईएसआय कायद्यातच तशी मनाई आहे. साधारण 10 किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी 21,000 रुपयांपर्यंत पगार असलेल्यांना ईएसआय लागतं, कामगाराचे 0.75 टक्के आणि मालकाचे 3.25 टक्के. पगाराची स्लिप बघा, त्यात कापलेलं दिसेल. तिथे पैसे एकरकमी मिळत नाहीत, दर महिन्याला मिळतात, आणि अपंगत्व किती ते मेडिकल बोर्ड ठरवतं. बोर्डाचा निर्णय पटला नाही तर अपील करता येतं, वकिलाकडे जायची वेळ खरं म्हणजे तेव्हा येते.

एक बघून ठेवा, काही ठिकाणी अपघातानंतर घाईघाईने ईएसआयमध्ये नाव घालतात. तुमच्या नोंदणीची तारीख अपघाताच्या आधीची आहे का ते पहिलं तपासा.

जुना कायदा की नवा?

21 नोव्हेंबर 2025 पासून चार लेबर कोड लागू झाले, त्यातल्या सामाजिक सुरक्षा संहितेत 1923 च्या कायद्यातल्या भरपाईचा भाग गेला. चौकट बरीचशी तीच आहे, कमिशनरच्या जागी सक्षम अधिकारी असा शब्द आलाय. त्याआधीचा अपघात असेल तर जुन्या कायद्याने हिशोब, नंतरचा असेल तर नव्याने. वकिलाला पहिल्या भेटीत हेच विचारा की माझी केस कशाखाली बसते. तो अडखळला तर समजून जा की हे त्याचं रोजचं काम नाही.

वकील मिळेपर्यंत काय करायचं?

माझ्या मते अर्धी केस इथेच जिंकतात नाहीतर हरतात, म्हणून जरा सविस्तर.

हॉस्पिटलात, म्हणजे बांबोळीला जीएमसीत (गोवा मेडिकल कॉलेजात) असो किंवा मडगावला, डॉक्टरला स्पष्ट सांगा की कामावर, मशीनवर, अमुक वाजता लागलं. केसपेपरवर "घरी पडला" असं लिहिलं गेलं की पुढे ते पुसता पुसता वर्ष जातं, आणि सोबत आलेला सुपरवायझर बरेचदा तुमच्या आधी बोलून मोकळा होतो. एमएलसी, म्हणजे हॉस्पिटलातली मेडिको-लीगल नोंद, झाली का विचारा. जखमेचे, मशीनचे फोटो काढून ठेवा, कुणीतरी सोबतच्याने काढले तरी चालतील. गेटपास, हजेरीचा फोटो, पगार जमा झालेलं बँक पासबुक, सुपरवायझरचा "उद्या सकाळच्या शिफ्टला ये" असा व्हॉट्सअॅप मेसेज, हे सगळं पुरावा आहे. नेमणूकपत्र नसलं तरी यावरून नोकरी सिद्ध होते. पात्रांवला लेखी कळवा, साधा कागद चालतो, पण पोच घ्या नाहीतर रजिस्टर पोस्टाने पाठवा.

आणि सही. एक कागद मी बघितलाय तो सांगतो. शंभर रुपयांचा स्टॅम्प पेपर, खाली डाव्या अंगठ्याचा ठसा, कारण माणूस सही करायचा उजव्या हाताने आणि तोच हात बँडेजमध्ये होता. वर इंग्रजीत टाईप केलेलं की मला सगळे पैसे मिळाले, माझं काही येणं नाही, अपघात माझ्या चुकीने झाला. आत पाकिटात हॉस्पिटलच्या बिलापुरतेच पैसे. त्याला वाटलं होतं रजेचा अर्ज आहे.

असा कागद तुम्ही आधीच करून बसला असलात तरी हातपाय गाळू नका. भरपाईचा हक्क सोडून देण्याचा करार कायद्यापुढे टिकत नाही, आणि भरपाईची एकरकमी तडजोड झाली तर ती कमिशनरकडे नोंदवावी लागते, घरातल्या घरात मिटवलेली चालत नाही. माणूस दगावला असेल तर पात्रांवने वारसांच्या हातात परस्पर दिलेले पैसे भरपाई म्हणून धरतच नाहीत, ते कमिशनरकडे जमा करायचे असतात, फक्त तीन महिन्यांच्या पगाराएवढा आगाऊ वजा होऊ शकतो. पंचाच्या ओसरीवर मिटवलेल्या केसेस म्हणूनच नंतर उघडतात. तरीही असला कागद दिला तर सही करू नका, आणि कशावरही सही करायच्या आधी घरच्या कुणाकडून मराठीत वाचून घ्या.

वकील शोधायचा कुठे?

पणजीला पाटोवर श्रमशक्ती भवनात लेबर कमिशनरचं ऑफिस आहे, तिथे सुनावणीच्या दिवशी बाहेर थोडा वेळ बसून बघा, कोण कामगाराच्या बाजूने येतो आणि कोण कंपनीच्या ते लगेच कळतं. आजूबाजूच्या फॅक्टरीतली युनियन, आधी केस लढवलेला एखादा कामगार, यांच्याकडून नाव मिळालं तर सगळ्यात बरं. मडगाव, म्हापसा, फोंड्याच्या कोर्टात ओळखीचा वकील असेल तर त्याला विचारा की लेबरची केस कोण चालवतो, चांगला वकील स्वतःला जमत नसेल तर दुसऱ्याचं नाव सांगतो.

जमिनीचे व्यवहार, म्युटेशन, लग्नाचे खटले करणारे वकील गोव्यात भरपूर आहेत. ते वाईट असतात असं नाही, पण भरपाईची केस वेगळी आहे.

हॉस्पिटलात एकजण येऊन कार्ड देऊन गेला, "सगळं करून देतो" म्हणाला. जाऊ का?

नको. वकिलाने स्वतः किंवा एजंट पाठवून गिऱ्हाईक शोधणं बार कौन्सिलच्या नियमात बसत नाही. जो पहिल्या दिवशी नियम मोडतो तो पैसे जमा झाल्यावर काय करेल सांगता येत नाही.

पहिल्या भेटीत काय विचारायचं?

तुम्ही कामगाराकडून किती केसेस चालवल्यात, ज्या कंपनीचा विमा आहे तिच्यासाठी कधी उभे राहिलात का, सुनावणीला स्वतः येणार की ज्युनिअरला पाठवणार, आणि फी व खर्च मला लिहून द्याल का. चौथ्या प्रश्नावर चेहरा बघा. भेटीला सगळ्या कागदांच्या झेरॉक्स न्या, मूळ कागद घरी ठेवा.

फी किती असते?

ठरलेला सरकारी दर नाही, वकिलागणिक बदलते, त्यामुळे दोन-तीन ठिकाणी विचारून मगच ठरवा. दोन पद्धती दिसतात. एक म्हणजे पूर्ण केसची ठराविक रक्कम, टप्प्याटप्प्याने: अर्ज दाखल करताना काही, पुरावा सुरू झाला की काही, निकालाच्या वेळी उरलेली. दुसरी म्हणजे प्रत्येक तारखेचे पैसे. कामगाराला पहिली बरी, कारण तारखा पडत राहतात आणि तारखेला पैसे देणारा माणूस तारखेलाच घाबरायला लागतो.

फीशिवाय खर्च वेगळा: वकालतनाम्याचा स्टॅम्प, नोटरी, टायपिंग, झेरॉक्स, नोटिशीचं पोस्ट, आणि सगळ्यात मोठा म्हणजे साक्षीला येणाऱ्या डॉक्टरचे पैसे. हा शेवटचा खर्च लोकांना कुणी सांगतच नाही. अपंगत्वाचं सर्टिफिकेट नुसतं जोडून भागत नाही, समोरच्याने हरकत घेतली की डॉक्टरला येऊन सांगावं लागतं. तो कुणी आणायचा आणि पैसे कुणी द्यायचे ते आधीच ठरवा. आणि दरवेळी पावती मागा, गुगल पे केलं तर मेसेजमध्ये "फीचा दुसरा हप्ता" असं लिहा.

वकील म्हणतो आत्ता काही देऊ नका, मिळेल त्यातले 20 टक्के द्या. फायद्याचं नाही का?

ऐकायला गोड आहे, खिशात काही नसताना तर फारच. पण भारतात हे चालत नाही. निकालावर अवलंबून फी ठरवायची नाही, मिळालेल्या रकमेत वाटा घ्यायचा नाही, असा बार कौन्सिल ऑफ इंडियाचा स्पष्ट नियम आहे. सुप्रीम कोर्टाने 2017 साली एका मोटर अपघाताच्या प्रकरणात, जिथे वकिलाने भरपाईवर टक्केवारी लावून वर चेकही लिहून घेतला होता, हे गैरवर्तन आहे असं म्हटलं. शिवाय भरपाईची रक्कम दुसऱ्याच्या नावे करून देता येत नाही, तिच्यावर जप्ती आणता येत नाही, हे कामगार भरपाईच्या कायद्यातच आहे.

हिशोब करून बघा. 35 वर्षांचा प्रेस ऑपरेटर, उजवा अंगठा गेला. जुन्या कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात अंगठ्याला 30 टक्के कमाईची हानी धरलीय. पगार 15,000, त्याचे 60 टक्के म्हणजे 9,000, 35 व्या वर्षाचा गुणक (वयाप्रमाणे कायद्यात दिलेला आकडा) 197.06, गुणाकार 17,73,540, त्याचे 30 टक्के म्हणजे 5,32,062 रुपये. यातले 20 टक्के म्हणजे एक लाखाच्या वर, तेही जिथे नोकरी आणि अपघात दोन्ही मान्य असतात अशा सोप्या केसमध्ये. आता तोच पगार कागदावर 9,000 दाखवला असेल तर भरपाई 3,19,237 होते. दोन लाखांच्या वर फरक! म्हणून टक्क्यावर घासाघीस करण्यापेक्षा पगार खरा सिद्ध करणारा वकील शोधा.

पगार 15,000 च्या वर असेल तर जास्त मिळेल का?

जुन्या कायद्याखाली हिशोबाला धरायचा पगार जानेवारी 2020 पासून जास्तीत जास्त 15,000, त्याआधी 8,000 होता. म्हणजे 25,000 पगारवाल्यालाही 15,000 वरच. मृत्यू झाला तर पगाराच्या 50 टक्क्यांना गुणकाने गुणायचं, कायमच्या पूर्ण अपंगत्वाला 60 टक्क्यांना. 40 वर्षांचा माणूस गेला तर 7,500 गुणिले 184.17, म्हणजे 13,81,275. उपचाराचा प्रत्यक्ष खर्च वेगळा मागता येतो, बिलं जपा.

परिशिष्टातला टक्का हा शेवटचा शब्द नाही हेही लक्षात ठेवा. एका सुताराचा डावा हात कोपराच्या वर कापावा लागला तेव्हा सुप्रीम कोर्टाने त्याला 100 टक्के धरलं, कारण एका हाताने सुतारकाम होत नाही. चांगला वकील हेच करतो, तुमच्या कामाशी जोडून मागतो.

पैसेच नाहीत, मग?

सरकारी मोफत वकील. विधी सेवा प्राधिकरण कायद्यात औद्योगिक कामगार, स्त्रिया, अपंग, अनुसूचित जाती-जमातीचे लोक यांना उत्पन्न न बघता मोफत कायदेशीर मदत आहे. उत्तर आणि दक्षिण गोव्याच्या जिल्हा न्यायालयांत विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस असतं, तालुक्याच्या कोर्टात समिती असते, नाहीतर 15100 ला फोन करा. लोकांना वाटतं मोफत म्हणजे टाकाऊ. तसं नाही, पण मिळालेला वकील लेबरचं काम करणारा आहे का ते विचारायला लाजू नका, अडचण असेल तर प्राधिकरणाकडे लेखी सांगून दुसरा मागा. मोफत वकिलाने वर पैसे मागितले तर त्याच ऑफिसला कळवा.

वकिलाची फी पात्रांवकडून मिळते का?

खर्च कुणी द्यायचा ते ठरवायचा अधिकार कमिशनरला आहे, अर्जातच मागा, पण मिळालेली रक्कम खऱ्या फीएवढी असेल असं धरून चालू नका. खरा फायदा व्याजात आहे. महिन्याभरात पैसे भरले नाहीत तर वर्षाला 12 टक्के, वरच्या अंगठ्याच्या केसमध्ये ते वर्षाला जवळजवळ 64 हजार होतात. उशिराला सबळ कारण नसेल तर 50 टक्क्यांपर्यंत दंड, आणि हा दंड विमा कंपनीच्या नाही, पात्रांवच्या खिशातून. अर्जात व्याज आणि दंड दोन्ही मागितलेत का ते स्वतः वाचून खात्री करा.

मी ठेकेदाराचा माणूस, कंपनी म्हणते आमचा संबंध नाही.

संबंध आहे. कंपनीच्याच धंद्यातलं काम ठेकेदाराकडून करून घेत असतील तर भरपाई मूळ कंपनीकडून मागता येते, ती नंतर ठेकेदाराकडून वसूल करत बसेल. अर्जात दोघांनाही पार्टी करा.

मी दोडामार्गहून रोज येतो, केस गोव्यातच करावी लागेल का?

नाही. अपघात झाला तिथे, तुम्ही नेहमी राहता तिथे, किंवा मालकाचं नोंदणीकृत ऑफिस आहे तिथे, तिन्ही चालतात. दोडामार्ग, बांदा, सावंतवाडीवाल्यांना सिंधुदुर्गात करता येते, झारखंड-ओडिशाहून आलेला मुलगा गावी परत गेला असेल तर तिकडूनही. फक्त साक्षीदार आणि कागद गोव्यात असतात, म्हणून जवळ राहणाऱ्याने मी म्हणेन गोव्यातच करावी.

कामाला जाता-येता रस्त्यावर झालेला अपघातही आता बाहेर नाही. जुलै 2025 मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की वेळ, जागा आणि परिस्थिती यांचा नोकरीशी धागा जुळत असेल तर तो कामावरचा अपघात धरता येतो. वाहनाच्या अपघातात मात्र मोटर अपघात ट्रायब्युनल किंवा कामगार भरपाई, दोन्हींपैकी एकच निवडायचं असतं, ही निवड वकिलाला विचारल्याशिवाय करू नका.

"तो प्यायलेला होता" असं सांगतायत.

गोव्यात हे उत्तर ठरलेलंच. नुसतं म्हणून चालत नाही, सिद्ध करावं लागतं. आणि मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं असेल तर हा बचाव कायद्याने उपलब्धच नाही.

पैसे वकिलाच्या खात्यात येऊ देत का?

अजिबात नको. स्वतःच्या नावाचं बँक खातं द्या, पासबुकची झेरॉक्स अर्जाला जोडा. कोऱ्या चेकवर, कोऱ्या कागदावर सही नाही, कितीही विश्वास असला तरी.

वकील फोन उचलत नाही, आणि फाईल मागितली तर "आधी उरलेली फी द्या" म्हणतो.

फी थकली म्हणून फाईल अडवून ठेवायचा हक्क वकिलाला नाही, सुप्रीम कोर्टाने 2000 साली हे स्पष्ट केलंय. फीसाठी त्याने वेगळा दावा करावा. लेखी पत्र द्या, नवीन वकिलाचा वकालतनामा दाखल करा, तरी फाईल दिली नाही तर बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवाकडे तक्रार. ग्राहक मंचात जाऊ नका, वकिलाची सेवा त्या कायद्यात येत नाही असा 2024 चा निकाल आहे. पण फी खरंच बाकी असेल तर ती देऊन टाका, केलेल्या कामाचे पैसे बुडवणं बरं दिसत नाही.

दोन वर्षं होऊन गेली.

अपघातापासून किंवा मृत्यूपासून दोन वर्षांत अर्ज करायचा असतो. उशिराला पटण्यासारखं कारण असेल, उदाहरणार्थ लांबलेला उपचार, किंवा पात्रांव "देतो देतो" म्हणत राहिला आणि त्याचे मेसेज आहेत, तर माफ होऊ शकतो. अजून उशीर नको.

ऑर्डर झाली तरी देत नाहीत, अपील करणार म्हणतात.

हायकोर्टात अपील 60 दिवसांत, तेही महत्त्वाचा कायदेशीर प्रश्न असेल तरच, आणि मालकाला आधी ऑर्डरची पूर्ण रक्कम कमिशनरकडे भरावी लागते, तसं सर्टिफिकेट जोडल्याशिवाय पर्वरीला अपील दाखल होत नाही. अपीलही नाही आणि पैसेही नाहीत तर जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली लावता येते. त्यासाठी वेगळा अर्ज करावा लागतो, म्हणून सुरुवातीला फी ठरवतानाच वकिलाला विचारून घ्या की ठरलेल्या रकमेत वसुलीचा अर्ज आणि अपिलाचं काम धरलंय की त्याचे वेगळे.